मागच्या सीटखाली बघायचं नाही

१ जानेवारी १९३२, सकाळी ७

आजपासून रोजनिशी. वही सखारामने दिली. सखाराम म्हणजे माझा कारकून. वही गेल्या वर्षीची आहे, तारखा खोडून नव्या घातल्यात, पण भावना चांगली.

नियम दोन. रोज लिहायचं. आणि खरं तेच लिहायचं. वकिलीत दुसऱ्यांचं लिहून देण्यात वीस वर्षं गेली, आता स्वतःचं. वाचणारा मीच, तेव्हा लाजायचं कारण नाही.

पहिली नोंद मोटारीची. सप्टेंबरात घेतली, विलायतेला परत चाललेल्या कोल्हापूरच्या एका साहेबाकडून. आंबा घाट उतरून ती दारात आली तेव्हा सगळी आळी फाटकाशी जमली होती. रत्नागिरीच्या वकिलांत मोटार असलेला मी एकटा. आप्पा शेवडे वकील अजून दमणीतून कोर्टात येतात. मी काही बोलत नाही. फक्त बैलाजवळून जाताना हॉर्न देतो.

ड्रायव्हर रशीद, राजिवड्याचा. पंचविशीतला, कमी बोलणारा. बाप बोटीवर गेला तो परत आलाच नाही, म्हणून आई खतिजाबी याला समुद्रावर जाऊ देत नाही. मुलाला जमिनीवरची नोकरी लागली म्हणून माझ्याकडे तिने तिसऱ्या दिवशी सांदणं पाठवली होती. चांगली होती.

आता दसऱ्याची गोष्ट. खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो. मी विचार-प्रबोधन मंडळाचा चिटणीस. नवस, अंगारे, गंडेदोरे यांवर मी व्याख्यानं देतो. पण हिने साफ सांगितलं की राखणेचा नारळ ठेवल्याशिवाय मी गाडीत पाऊल टाकणार नाही. हिच्या माहेरची देवरूखकडची मंडळी, त्यांच्याकडे होडी असो, गाय असो, नारळ ठेवतातच. शिवाय नुसता ठेवून भागत नाही. घरधन्याने गाऱ्हाणं घालायचं आणि मागून कुणीतरी ‘होय महाराजा’ म्हणायचं, त्याशिवाय ते देवाला पोचत नाही म्हणे.

तेव्हा दसऱ्याला, उजाडायच्या आत, मी हलक्या आवाजात गाऱ्हाणं घातलं. बा देवा महाराजा, या मोटारीवर कुणाची वाकडी नजर पडली असेल तर ती बाजूला कर, वगैरे. हिने मागून ‘होय महाराजा’ म्हटलं. आवाज जरा घोगरा वाटला. पहाटेची थंडी, दुसरं काय. मग लाल फडक्यात गुंडाळलेला शेंडीचा नारळ मागच्या सीटखालच्या पोकळीत ठेवला, दोन्ही बाजूंनी जुने पंचे कोंबले, वर सीट बसवली. कुणी पाहिलं नाही.

याला अंधश्रद्धा म्हणत नाहीत. स्त्रीच्या भावनेचा मान राखणं हेही सुधारणेचंच अंग आहे.

२ जानेवारी

आज विशेष काही नाही. रोज लिहिण्याचा नियम जरा सैल करावा. खरं लिहिण्याचा कायम.

२३ जानेवारी, संध्याकाळी

कोर्टातून येताना माळनाक्याच्या वळणावर मोटारीत आवाज आला. खुळुक. फाटकातून आत वळताना परत. खुळुक.

रशीद म्हणाला, मागच्या सीटखालून येतोय, एकदा उचलून बघू या का. मी स्पष्ट सांगितलं, मागच्या सीटखाली बघायचं नाही. त्याने कारण विचारलं नाही. क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या चाकाकडे पाहिलं, आणि म्हणाला तुमची मर्जी. आज्ञाधारक मुलगा आहे.

२४ जानेवारी, रविवार

रशीदला सुट्टी देऊन, मोटारीच्या खोपीचं दार आतून लावून स्वतः तपासणी केली. सीट उचलली. नारळ जागच्या जागी. ढकलून पाहिला, ओढून पाहिला, तसूभर हलला नाही. पंचे घट्ट. खालून सायलेन्सरची नळी जाते म्हणून जागा बरीच उबदार आहे, तेवढंच. नारळ निर्दोष आहे. तो विषय संपला.

आवाज मेकॅनिकल आहे. मेकॅनिकल गोष्टीचं कारण बुद्धीने सापडतंच. मुंबईहून मोटार-दुरुस्तीचं इंग्रजी पुस्तक मागवलं.

५ फेब्रुवारी

पुस्तक आलं. चाळीस पानं वाचली. मोटार म्हणजे काय हे आता मला समजलं. रशीदला समजत नसणार, त्याने फक्त चालवली आहे.

पद्धत अशी: एकेक भाग घ्यायचा, घट्ट करायचा आणि बाद करायचा. शेवटी जो उरेल तो गुन्हेगार. हे तर आमच्याच धंद्यातलं.

६ फेब्रुवारी

मडगार्ड बाद.

७ फेब्रुवारी

नंबराची पाटी बाद. बॉनेटची कडी बाद. टपाच्या काठ्या बाद. हॉर्न बाद झाला, म्हणजे घट्ट करताना तुटला. आप्पांचा बैल हल्ली माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

९ फेब्रुवारी

गुन्हेगार सापडला. हिच्या बांगड्या. आज ही घरी होती आणि आवाज कमी वाटला. तिला गाडीत बसायला बंदी केली. ती म्हणाली, दसऱ्यापासून सगळी मिळून तीनदा बसले असेन, आणि जानेवारीत तर एकदाही नाही. हा काही मुद्दा नव्हे. बायका मुद्दा सोडून बोलतात.

१० फेब्रुवारी

बांगड्या नव्हेत. पण बंदी उठवली तर माझी चूक झाली असं दिसेल. काही दिवस राहू दे.

१४ फेब्रुवारी

सखारामच्या खिशात तपकिरीची डबी सापडली. ती पुढे रशीदच्या शेजारी ठेवायला लावून त्याला मागे बसवलं. आवाज कायम. मग त्याची छत्री. मग त्याची पायताणं.

वाटेत निवृत्त सबजज्ज भेटले, त्यांना घरी सोडायला घेतलं. खुळुक झालं. मी त्यांना अत्यंत अदबीने किल्ल्यांचा जुडगा बाहेर काढायला सांगितला. काढला. चष्म्याचं घर मागितलं. दिलं. दातांच्या कवळीविषयी विचारणार होतो, इतक्यात ते उतरले आणि चालत गेले. वयोवृद्ध माणसं चिडखोर होतात.

रशीद हे सगळं समोर बघत ऐकत होता. त्याच्या मानेवरून मला असं वाटलं की त्याला हसू येतंय. मानेवरून काही सिद्ध होत नाही.

२० फेब्रुवारी, दुपारी

यश. आवाज पूर्ण बंद.

संध्याकाळी

कानातला कापूस काढला.

२८ फेब्रुवारी

आळीतली पोरं मोटार दिसली की ‘खुळखुळा आला, खुळखुळा आला’ म्हणून ओरडतात. आज कोर्टाच्या पायऱ्यांवर एका पक्षकारानेही विचारलं, खुळखुळ्यावाले वकील ते आपणच का. मी आता मागच्या रस्त्याने जातो. लांब पडतो, पण हवा चांगली आहे.

रशीदने पुन्हा एकदा विषय काढला. म्हणाला, साहेब, तुम्ही म्हणाल तर मी बाजूला उभा राहतो, तुम्ही एकट्याने सीटखाली बघा, जे आहे ते जरा हलवून बघा. मी त्याला विचारलं, जे आहे ते म्हणजे काय आहे. तो म्हणाला, काही नाही. मी म्हटलं, मग बघायचं कशाला. त्याला उत्तर देता आलं नाही. उलटतपासणीत भले भले गडबडतात.

१४ मार्च, सकाळी

काल मंडळाची सभा. विषय: ‘वस्तूत देव नसतो’. वक्ता मीच. पाऊण तास बोललो. होडीत नारळ ठेवणारे, गाडीला लिंबू बांधणारे, सगळ्यांचा समाचार घेतला. म्हणालो, बाहेर माझी मोटार उभी आहे, ती विज्ञानाच्या जोरावर चालते, तिच्यात एक सुपारीसुद्धा सापडणार नाही. हे शब्दशः खरं आहे. सुपारी नाही. टाळ्या झाल्या.

परत येताना आप्पा शेवड्यांनी सोडायला सांगितलं, त्यांचा बैल लंगडतोय. त्यांच्यासोबत बार रूममधले आणखी दोघे. पहिल्या वळणावर खुळुक. दुसऱ्या वळणावर खुळुक. आप्पा मान वाकडी करून ऐकत होते. त्यांची स्वतःची अडीचशे माडांची बाग आहे. म्हणाले, “वकीलसाहेब, गाडीत नारळ वाजतोय की काय तुमच्या?”

सगळे हसले. मीही हसलो.

पुढे काय झालं ते खरं लिहायचं तर असं. नारळ हलत नाही हे मी स्वतः तपासलेलं आहे, तेव्हा आप्पांचं म्हणणं चूकच होतं. पण ते सीटवरून उठून खाली बघतील अशी मला भीती वाटली. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “नारळ कसला, या रशीदने चांगले नट काढून विकले आणि जुनाट बसवले, त्याचा आवाज आहे.”

रशीद पुढे चालवत होता. गाडी जरासुद्धा हलली नाही त्याच्या हातची.

बोलण्याच्या भरात एखादा शब्द जातो. उद्या त्याला बोलावून समजूत घालेन.

१५ मार्च

समजूत घालायला वेळ मिळाला नाही. एक तातडीची कैफियत होती.

१७ मार्च

बार रूममध्ये आप्पांनी सगळ्यांदेखत विचारलं, नटचोराचं काय केलंत. एवढा पुरावा असताना ठेवलाय कसा. मी म्हणालो, चौकशी चालू आहे. मग मनात विचार केला, की पुरावा नाही हेही तितकंसं खरं नाही. गाडी वाजते. काहीतरी सैल आहे. गाडी कोणाच्या ताब्यात असते? रशीदच्या. हे सगळं जुळतं.

१८ मार्च

रशीदला काढलं.

ड्रायव्हर लोकांत आधीच्या मालकाची चिठ्ठी लागते, तिच्यावाचून दुसरीकडे कुणी उभं करत नाही. मी निष्पक्षपातीपणे लिहिली: ‘रशीद याने माझेकडे सहा महिने काम केले. गाडी बरी चालवितो. सामानसुमानाचे बाबतीत भरवशाचा म्हणता येत नाही.’ चोर हा शब्द मुद्दाम टाळला. दुसरा कुणी असता तर टाळला नसता.

त्याला वाचता येत नाही. त्याने चिठ्ठी घडी करून टोपीत ठेवली. मला वाटलं होतं भांडेल, मग मलाही दोन शब्द बोलता आले असते. तो एवढंच म्हणाला, “साहेब, मागची सीट दुसऱ्या कुणाला उचलू देऊ नका.” आणि गेला.

याचा अर्थ काय? उद्धटपणा. दुसरा मला लागत नाही.

ही दिवसभर माझ्याशी बोलली नाही. जेवताना आमटी वाढली, तीही बाजूला बघत.

२ एप्रिल

स्वतः चालवायला शिकलो. पुस्तकात सगळं आहे. आज फाटकाबाहेर पन्नास पावलं गेलो.

३ एप्रिल

गडग्याने मोटारीला धक्का दिला. म्हणजे गडगा जागेवरच होता, पण नको तिथे बांधलेला आहे. जांभ्याचे चार चिरे खाली आले. शेजारच्या धाकूने ते परत लावले आणि फुकटचा सल्ला दिला की रशीदला बोलवा. मी म्हटलं, चोराला? तो म्हणाला, कोण, रशीद? आणि हसायलाच लागला. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबला.

आवाज आहेच. रशीद जाऊन पंधरवडा झाला तरी आवाज आहे. आधीचं नुकसान असं एका दिवसात भरून येत नसतं.

१९ एप्रिल

सखारामने बातमी आणली. देवरूखच्या सर्व्हिस मोटारवाल्याने रशीदला ठेवलं होतं, चिठ्ठी कुणाकडून तरी वाचून घेतली आणि दुसऱ्या दिवशी काढलं. लांज्याला गेला, तिथेही तेच. आता सगळीकडे ‘नट विकणारा’ म्हणतात. सखाराम हे सांगताना फाईली आवरत होता. माझ्याकडे बघत नव्हता.

मी मनात ठरवलं, या प्रकरणाचा एकदा शांतपणे विचार करायचा. रविवारी.

२४ एप्रिल, रविवार

आंब्याची अढी लावायची होती.

१० मे, रात्री जेवणापूर्वी

हातखंब्याला हिच्या बहिणीकडे जायचं होतं. भाड्याची बैलगाडी मिळेना. तेव्हा बांगड्यांची बंदी उठवून हिला मोटारीत बसवलं. जानेवारीनंतर, म्हणजे आवाज सुरू झाल्यावर, ती प्रथमच बसत होती. मी तिला आधीच सांगितलं, एक आवाज येईल, तो मेकॅनिकल आहे, घाबरायचं नाही.

पहिलं वळण. खुळुक. तिने कान दिला.

दुसरं वळण. खुळुक. ती म्हणाली, “अहो, नारळाचा गोटा झाला वाटतं.”

मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण बऱ्याच पुढे जाऊन. मी तिला समजावून सांगितलं की नारळ हलत नाही, मी स्वतः तपासला आहे, ढकलून आणि ओढून. ती म्हणाली, नारळ कशाला हलायला हवा. मग उतरली, सीट उचलली, पंचे उपसले, लाल फडकं सोडलं आणि नारळ माझ्या कानाशी धरून हलवला.

खुळुक.

खालच्या नळीच्या उबेवर तीन महिने भाजून त्यातलं पाणी आटलं होतं, खोबरं करवंटीपासून सुटलं होतं आणि आत गोटा मोकळा झाला होता. नारळ जागेवर, आणि वाजतोय आतला गोटा. कोकणातलं शेंबडं पोर नारळ कानाशी हलवून सांगतं पाणी किती, गोटा झाला की नाही. माझे आजोबा खळ्यात बसून नुसत्या आवाजावरून नारळांचे ढीग वेगळे करायचे, आणि मी शेजारी बसून गोटे वेगळे टाकायचो. तो आवाज मला येत होता. साडेतीन महिने येत होता.

तिला दोन वळणं लागली.

रस्त्याच्या कडेला आम्ही दोघं उभे होतो. मी तिला बजावलं, हे कुणाला सांगायचं नाही. ती म्हणाली, रशीदला माहीतच आहे, पहाटे अंगणात होता तो. मी म्हटलं, त्याला कसं असेल, दसऱ्याला आपण दोघंच होतो, तूच मागून होय महाराजा म्हणालीस.

“मी कापूर आणायला आत गेले होते,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुमचं तुम्हीच म्हणालात.”

रशीद त्या दिवशी गाडी पुसायला लवकर आला होता. हे मला आज आठवलं. गाडीच्या मागच्या बाजूला बादली होती, आणि तो घोगरा आवाज तिकडूनच आला होता.

हातखंब्याला गेलोच नाही.

११ मे

लिहायला काही सुचत नाही. त्याला दसऱ्यापासून माहीत होतं. आवाज आला त्या दिवशी कशाचा आहे हेही त्याने ओळखलं असणार. आप्पांसमोर मी त्याला चोर केलं तेव्हा त्याने नुसता हात मागे केला असता, सीटकडे बोट दाखवलं असतं, तर तो सुटला असता आणि मी तोंड दाखवायला उरलो नसतो. त्याने हात चाकावरून काढला नाही.

मला आज फार लाज वाटली. जेवलो नाही. म्हणजे दुपारी. संध्याकाळी थोडं खाल्लं.

१२ मे

ठरलं. नवी चिठ्ठी लिहायची. ही म्हणाली, चिठ्ठी द्याच, पण चिठ्ठी दूरच्या गावी चालेल, इथे नाही चालणार. “आप्पांसमोर बोललात, ते आप्पांसमोरच परत घ्या. तोवर मी या गाडीत बसत नाही.”

बरोबर आहे तिचं. आप्पांना उद्याच सांगतो.

१३ मे

आप्पा रजेवर.

१४ मे

आप्पा आले होते, पण त्यांच्याभोवती गर्दी होती. अशी गोष्ट खाजगीत सांगायची असते.

१६ मे

आप्पा एकटे सापडले. मी म्हणालो, तुमच्याशी एक बोलायचंय. ते म्हणाले, बोला. मी त्यांच्या बैलाच्या पायाची चौकशी केली. बैल बरा आहे.

१७ मे

चिठ्ठीचा पहिला मसुदा: ‘मोटारीतील आवाज हा माझे हातून सीटखाली ठेवलेल्या नारळाचा होता. रशीद निर्दोष आहे.’ वाचून पाहिलं. चिठ्ठी दूरच्या गावी गेली तरी कागद कुणाच्याही हाती पडू शकतो. फाडला.

दुसरा मसुदा: ‘आवाज एका नारळाचा होता.’ कोणाचा नारळ ते लिहिलं नाही. हे जास्तच संशयास्पद वाटतं. फाडला.

तिसरा मसुदा: ‘रशीद अत्यंत प्रामाणिक व कुशल ड्रायव्हर आहे. पूर्वीचे चिठ्ठीतील मजकूर गैरसमजाने लिहिला गेला. आवाजाचे कारण निराळेच निघाले.’ हा ठीक आहे. सही केली.

२० मे

सखाराम सांगत होता, रशीद मुंबईला चाललाय. पावसाळ्याआधीची शेवटची आगबोट बुधवारी, पंचवीस तारखेला. मोटारीवर कुणी ठेवत नाही म्हणून बोटीवर आगवाल्याचं काम बघणार आहे, म्हणजे भट्टीत कोळसा ओढायचा. खतिजाबी चार दिवस चूल पेटवत नाही म्हणे.

चिठ्ठी सखारामकडे पाठवावी का? नको. कारकुनाच्या हाती असा कागद देणं बरं दिसत नाही. मी स्वतः राजिवड्याला जातो. उद्या.

२१ मे

ऊन फार.

२२ मे

निघालो. राजिवड्याच्या उतारापर्यंत गेलो. तिथून त्यांचं घर दिसतं. दारात खतिजाबी मासळी वाळत घालत होती. तिने मान वर केली. मी गाडी वळवली. वळवायला जागा कमी होती, दहा-बारा वेळा पुढेमागे करावं लागलं. ती सगळा वेळ बघत होती.

२४ मे

आप्पांना सांगायचं ते उद्या बंदरावरून आल्यावर सांगेन. बोट सुटली की मन मोकळं असेल. चिठ्ठी मात्र उद्या बंदरावर द्यायचीच. हे नवीन वर्षाचं रेझोल्यूशन नव्हे, हे पक्कं आहे.

हिने तो गोटा फोडून त्याच्या गूळखोबऱ्याच्या वड्या केल्यात. रशीदला देणार आहे. मी म्हटलं, देवाचा नारळ आहे. ती म्हणाली, म्हणूनच.

२५ मे, दुपारी

लिहायचं नव्हतं. पण खरं तेच लिहायचं हा नियम मीच केला होता.

ही आधीच चालत बंदरावर गेली होती. मी मोटार घेऊन पोचलो तेव्हा बोट लांब उभी होती आणि तिच्याकडे माणसं नेणारा शेवटचा पडाव भरत होता. रशीद कपड्यांचं बोचकं घेऊन उभा होता. शेजारी खतिजाबी, तिच्या शेजारी ही, हातात वड्यांचा डबा. मी गेलो आणि चिठ्ठी त्याच्या हातात दिली. म्हणालो, ही नवी घे, जुनी फाडून टाक. त्याने घेतली. काय लिहिलंय ते विचारलं नाही. जुनी टोपीतून काढली आणि माझ्याच हातात दिली.

एवढ्यात मागून आप्पा शेवडे आले. त्यांचा मुलगा त्याच बोटीने मुंबईला चालला होता. त्यांनी रशीदला पाहिलं, मला पाहिलं, चिठ्ठी पाहिली. चिठ्ठी रशीदच्या हातून घेऊन त्यांनी मोठ्याने वाचलीसुद्धा, कोर्टात वाचतात तशी. बंदरावरची माणसं थांबून ऐकायला लागली. शेवटच्या ओळीला आप्पा थांबले.

“आवाजाचे कारण निराळेच निघाले,” ते म्हणाले. “काय निघालं हो, वकीलसाहेब?”

ही माझ्याकडे बघत होती. खतिजाबी माझ्याकडे बघत होती. मला काय बोलायचं ते पाठ होतं. बारा तारखेपासून पाठ होतं. नारळ. तीन अक्षरं. मी तोंड उघडलं. मंडळातली दोन माणसं पलीकडे उभी होती. मी खोकलो. परत तोंड उघडलं.

मग रशीद बोलला. आप्पांकडे वळून, हळूच.

“मागच्या स्प्रिंगचा एक नट होता, साहेब. विकला नव्हता कुणी. माझ्याच हातून सैल राहिला होता, माझंच लक्ष नव्हतं.”

त्याची आई हे ऐकत होती.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी म्हणणं भागच होतं.

“होय,” मी म्हणालो.

आप्पा म्हणाले, चला, चोरी तरी नव्हती, निष्काळजीपणा होता, तरुण पोरं अशीच. चिठ्ठी परत देऊन ते मुलाकडे गेले. पडाववाला ओरडायला लागला. खतिजाबीने रशीदच्या पाठीवर एक थापट मारली, रागाची होती, आणि मग त्याला धरून रडायला लागली. तिला वाटत असणार की एका नटापायी पोरगा समुद्रावर चाललाय.

हिने डबा दिला. रशीदने तो जरा हलवला, आणि हसला. हे मी पाहिलं. मग पडावात चढता चढता मला म्हणाला, साहेब, राजिवड्याच्या उतारावर ब्रेक एकदम दाबू नका, आधीपासून हळूहळू दाबत या. त्या दिवशी मी वळवत होतो तेव्हा तो घरात होता तर.

मी म्हटलं, बरं.

पडाव गेला. मी हिला म्हणालो, चल, गाडीत बस, ऊन फार आहे, आप्पांना मी आज संध्याकाळी नक्की सांगतो. तिने खतिजाबीचा हात धरला आणि दोघी उन्हातून राजिवड्याच्या वाटेला लागल्या.

मी एकटाच परत आलो. माळनाक्याचं वळण आलं, फाटकाचं वळण आलं. गाडी अजिबात वाजली नाही.